कृपाबाई सत्यनाथन : जीवन आणि कादंबरीलेखनाची शैली

इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या परंपरेचा उगम शोधू लागल्यास अभ्यासकाची दृष्टी साहजिकच कलकत्ता आणि मद्रास या दोन शहरांकडे वळते. कलकत्त्याकडे तोरू दत्त यांचे नाव आहे. मद्रासकडे कृपाबाई सत्यनाथन यांचे. परंतु ज्या लेखिकेची नोंद मद्रासच्या नावावर होते, ती जन्माने अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, होती. तिचे मातापिता मराठी होते, आणि तिच्या दोन्ही कादंबऱ्यांतील मुख्य कुटुंबे, त्यांचे सणवार, त्यांचे डोंगर व नद्या दख्खनचीच आहेत. असे असूनही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या लेखिकेचा निर्देश सहसा आढळत नाही, कारण तिने मराठीत लिहिले नाही. आणि इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात तिचा निर्देश झाला, तरी तिच्या मराठीपणाची दखल क्वचितच घेतली जाते. भाषेवरून वाङ्मयाची वाटणी केली असता जी माणसे दोन्ही वाट्यांच्या मधल्या जागेत राहतात, त्यांपैकी कृपाबाई एक होत. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा संक्षिप्त परिचय करून देऊन, त्यांच्या कथनशैलीचे विशेष कोणते आणि ते कशातून उद्भवले, याचा विचार केला आहे.

१. जन्म, घराणे व परिसर

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगर येथे झाला. त्यांचे वडील हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि आई राधाबाई. खिस्ती हे आडनाव धर्मांतरामुळे पडलेले नाही. ते या ब्राह्मण घराण्याचे मूळचेच आडनाव आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरात आपले केंद्र स्थापिले, आणि १८३९ मध्ये हरिपंतांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मुंबई इलाख्यातील ब्राह्मण समाजातून ख्रिस्ती झालेल्या अगदी पहिल्या मंडळींत त्यांची गणना होते. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना तेथील मंडळ्यांचे पाळक म्हणून विधिपूर्वक नेमण्यात आले.

या परिसराचे महत्त्व ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्या काळचे अहमदनगर हे इलाख्यातील एक जिल्ह्याचे ठाणे असले, तरी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. सिंथिया फॅरार या अमेरिकन शिक्षिकेने १८३९ पासून तेथे मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते त्यांच्याच शाळेत. फॅरारबाई अहमदनगर येथेच १८६२ च्या जानेवारीत निवर्तल्या, आणि पुढच्याच महिन्यात कृपाबाईंचा जन्म झाला. म्हणजे मुलींना लिहिणेवाचणे शिकविण्याचा जवळजवळ पाव शतकाचा उद्योग त्या गावात झाला होता. त्या उद्योगाचे फळ पुढच्या पिढीच्या पदरात पडले असे म्हणावयास हरकत नाही.

हरिपंत लवकर वारले. मोठ्या कुटुंबाचा भार आई राधाबाई व वडील बंधू भास्कर यांच्यावर आला. भावांचे धडे चालू असता शेजारी बसून ऐकणे, ही कृपाबाईंच्या शिक्षणाची सुरुवात होय. भास्कर हा विचारी, वाचनप्रिय आणि बहिणीच्या बुद्धीवर विश्वास असलेला तरुण होता. त्याच्या अकाली मृत्यूचा आघात कृपाबाईंच्या मनावर कायमचा राहिला. पुढे काही काळ दोन युरोपीय मिशनरी स्त्रियांच्या सहवासात आणि नंतर मुंबईच्या एका मिशन शाळेत त्यांचे शिक्षण झाले. मुंबईस एका अमेरिकन स्त्री-डॉक्टरच्या परिचयामुळे वैद्यकाचा अभ्यास करण्याची इच्छा त्यांच्या मनात दृढ झाली.

२. वैद्यक, विवाह आणि लेखन

वैद्यकीय शिक्षणासाठी कृपाबाईंना इंग्लंडला पाठविण्याचा विचार झाला होता. परंतु प्रकृती तेवढी दणकट नसल्यामुळे तो सोडून द्यावा लागला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश देण्यास आरंभ केला होता. कृपाबाई १८७८ मध्ये तेथे दाखल झाल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या त्या १८८३ मध्ये. त्याच्याही पाच वर्षे आधी एक मराठी मुलगी मद्रासेत शरीरशास्त्र शिकत होती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पहिल्या वर्षी त्यांनी उत्तम यश मिळविले. परंतु वर्षाअखेरीस प्रकृती ढासळली, आणि १८७९ मध्ये अभ्यास सोडून त्यांना पुण्यास बहिणीकडे परतावे लागले.

मद्रासेत त्यांचा मुक्काम रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी होता. या कुटुंबातील पुत्र सॅम्युएल हे केंब्रिजहून शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांच्याशी कृपाबाईंचा विवाह १८८१ मध्ये झाला. सॅम्युएल यांची नेमणूक उटकमंड येथील ब्रीक्स स्मारक शाळेत मुख्याध्यापक म्हणून झाली. तेथे कृपाबाईंनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली, आणि ‘एक भारतीय स्त्री’ अशा अर्थाच्या टोपणनावाने इंग्रजी नियतकालिकांतून लेख लिहिण्यास आरंभ केला. निलगिरीतील तोडा लोकांच्या वस्तीला दिलेल्या भेटीवरील त्यांचा लेख याच काळातील आहे. १८८४ मध्ये हे दांपत्य राजमहेंद्रीस, नंतर कुंभकोणमला आणि १८८६ मध्ये मद्रासला आले.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या नियतकालिकात १८८७–८८ मध्ये ‘सगुणा’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. त्यानंतरचा काळ दुःखाचा होता. त्यांची एकुलती मुलगी वर्षाची होण्यापूर्वीच वारली, आणि स्वतःची प्रकृतीही खालावत गेली. अशा अवस्थेत ‘कमला’ लिहून झाली. ती १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी, ३ ऑगस्ट रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कृपाबाईंचा अंत झाला. ‘सगुणा’ १८९५ मध्ये ग्रंथरूपाने आली. संकीर्ण लेखांचा संग्रह १८९६ मध्ये निघाला. त्यात स्त्रीशिक्षण, हिंदू समाजातील चालीरीती, घरातील स्त्रीचा प्रभाव इत्यादी विषयांवरील निबंध आहेत. पुढे सुमारे एक शतक ही पुस्तके दुर्मिळ होती. १९९८ मध्ये चांदनी लोकुगे यांनी संपादिलेल्या दोन्ही कादंबऱ्यांच्या आवृत्त्या ऑक्सफर्ड विद्यापीठ प्रकाशनाने काढल्या, आणि कृपाबाईंचा अभ्यास नव्याने सुरू झाला.

३. ‘पहिली’ कोण?

कृपाबाईंचा उल्लेख इंग्रजीत कादंबरी लिहिणारी पहिली भारतीय स्त्री असा वारंवार केला जातो. या विधानास मर्यादा घालून घेतली पाहिजे. तोरू दत्त यांची ‘बियांका’ ही इंग्रजी कादंबरी १८७८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी, प्रसिद्ध झाली. मात्र ती अपूर्ण आहे. तिची नायिका स्पॅनिश वंशाची असून पार्श्वभूमी इंग्लंडची आहे. भारतीय स्त्रीच्या स्वतःच्या जीवनावर आधारलेली इंग्रजी आत्मचरित्रात्मक कादंबरी असा नेमका निकष लावला, तर ‘सगुणा’चा अग्रक्रम मान्य करण्यास अडचण राहत नाही.

तथापि अग्रक्रमाच्या चर्चेपेक्षा कालाची संगती अधिक बोधप्रद आहे. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ ची; रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ या वर्षांतील; पंडिता रमाबाईंचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचा इंग्रजी ग्रंथ १८८७ चा; हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून येऊ लागली. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. शेवंतीबाई निकंबे या दुसऱ्या मराठी ख्रिस्ती लेखिकेची ‘रतनबाई’ ही इंग्रजी कथा १८९५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. कृपाबाईंच्या दोन्ही कादंबऱ्या या मालिकेत ठेवून वाचल्या म्हणजे त्या मद्रासच्या ख्रिस्ती समाजापुरत्या मर्यादित न राहता महाराष्ट्रातील स्त्रीविषयक वादाचाच एक भाग ठरतात.

४. ‘सगुणा’ : दोन पिढ्यांचे कथन

‘सगुणा’ ही नायिकेने प्रथमपुरुषी सांगितलेली कथा आहे. परंतु तिचा आरंभ नायिकेच्या जन्मापासून होत नाही. आधी येते ती आई राधा आणि वडील हरिश्चंद्र यांची हकीकत. राधा ही बालवयात विवाहित झालेली, सासरच्या रीतीत वाढलेली मुलगी. पतीच्या मनात नव्या धर्माविषयी ओढ निर्माण होते आणि अखेर तो दीक्षा घेतो. निर्णय पतीचा, परिणाम पत्नीच्या वाट्याला, हे या भागाचे सूत्र आहे. राधेचे मन एका प्रसंगाने, एका प्रार्थनेने पालटत नाही. सुटलेल्या आप्तांचे दुःख, विटाळाची भीती आणि पतीविषयीची निष्ठा यांची ओढाताण लेखिका धीराने दाखविते. त्यामुळे धर्मांतराची मिशनरी वृत्तांतांतून सरसकट आढळणारी साचेबंद कथा येथे मिळत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचली आहेत, त्याला राधेच्या या चित्राचे साम्य लगेच जाणवेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे हा ‘स्मृतिचित्रां’चा गाभा आहे. एकाच जिल्ह्याच्या ख्रिस्ती समाजाशी निगडित असलेल्या या दोन पुस्तकांत भाषेचे आणि सुमारे अर्धशतकाचे अंतर आहे. एक भेद मूलभूत आहे. लक्ष्मीबाई आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगतात. राधेची हकीकत तिची कन्या सांगते. जिने इंग्रजी शिक्षण घेतले, तिने जिला ते लाभले नाही अशा आईच्या मौनाला शब्द दिले आहेत. आईचा भाग तृतीयपुरुषी आणि स्वतःचा भाग प्रथमपुरुषी ही रचना त्यामुळे योग्य ठरते. कन्या आईच्या वतीने बोलते. मात्र आईच्या जागी ती स्वतःला उभी करीत नाही.

उत्तरार्धात सगुणेचे बालपण, भास्करचा सहवास व मृत्यू, मिशनरी स्त्रियांकडील वास्तव्य, मुंबईची शाळा, मद्रासचे महाविद्यालय आणि अखेरीस विवाह असा क्रम आहे. स्वतःच्या मनाची घडण सांगणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांशी त्याचे नाते स्पष्ट आहे. जॉर्ज एलियट यांच्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’ (१८६०) मध्ये बुद्धिमान बहीण व तिला न समजून घेणारा भाऊ यांची जोडी आहे. ‘सगुणा’त भाऊच बहिणीच्या बुद्धीचा पहिला साक्षीदार आहे. शार्लट ब्राँटी यांच्या ‘जेन एअर’ (१८४७) शी केलेली तुलना अधिक फलदायी होते. तेथे सेंट जॉन रिव्हर्स नायिकेला पत्नी करून धर्मप्रचारासाठी हिंदुस्थानात नेऊ इच्छितो. हिंदुस्थान ही तेथे इंग्रज स्त्रीच्या त्यागाची भूमी आहे, आणि तेथील माणसांना स्वतःचा आवाज नाही. ‘सगुणा’ची निवेदिका ही अशाच प्रचाराच्या छत्राखाली वाढलेली मुलगी आहे. जिच्या उद्धारासाठी म्हणून ते लोक आले, तीच आता त्यांच्याकडे पाहून लिहिते आहे. मिशनरी स्त्रियांचे उपकार ती मान्य करते. पण त्यांच्या दयेत मिसळलेला वरचढपणा आणि काही देशी ख्रिस्ती मंडळींचे इंग्रजी चालीरीतींचे आंधळे अनुकरण, या दोहोंवरही तिची नजर आहे.

५. ‘कमला’ : बाहेरून आणि आतून

‘कमला’ ही सर्वस्वी हिंदू कुटुंबाची कथा आहे. नायिका डोंगराच्या कुशीत एकांतवासी विद्वान पित्याजवळ वाढते. विवाहानंतर ती शिवगंगा या गावी सासरी येते. पती गणेश शिकलेला आहे. पत्नीला शिकवावे अशी त्याची इच्छाही आहे. परंतु घरातील थट्टेपुढे आणि रागापुढे ती टिकत नाही. सासू-नणंदांचा छळ, साई नावाच्या स्वैर स्त्रीकडे पतीचे वळणे, त्याचा पटकीने झालेला मृत्यू, मुलीचे जाणे, असे आघात एकामागून एक येतात. शेवटी रामचंद्र नावाचा वैद्य, जो पूर्वीपासून तिच्यावर प्रेम करीत आला आहे, तिला पुनर्विवाहाची विनंती करतो. कमला ती नाकारते, आणि आपले आयुष्य व धन अनाथ व विधवांच्या सेवेत घालविते.

या कादंबरीचे कथन तृतीयपुरुषी आहे, आणि ही निवड अर्थपूर्ण आहे. हरिभाऊंनी पुरुष असून यमूच्या तोंडून कथा वदविली. कृपाबाईंनी स्त्री असूनही कमलेच्या तोंडून ती वदविली नाही. स्वतःच्या अनुभवाला ‘मी’ आणि दुसऱ्या समाजातील स्त्रीच्या अनुभवाला ‘ती’ असा भेद त्या कटाक्षाने पाळतात. ज्या घरातून आपले आईवडील बाहेर पडले, त्या घराची रीत आपल्याला ऐकून व पाहून ठाऊक आहे, जगून नाही, याची जाणीव या भेदात दिसते.

तथापि हे अंतर परकेपणाचे नाही. पाणवठ्यावर एकत्र येणाऱ्या काशी, भागीरथी या तरुण स्त्रियांची बोलणी, एकमेकींचे सांत्वन, सासरच्या माणसांवरील दबक्या आवाजातील टीका, ही चित्रे कादंबरीतील सर्वांत जिवंत आहेत. सासूही केवळ दुष्ट म्हणून रंगविलेली नाही. मुलगा सुनेच्या आहारी जाईल या भीतीतून तिचे वर्तन उद्भवते, हे लेखिका दाखविते.

कमलेच्या नकाराविषयी अभ्यासकांत मतभेद संभवतात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. धोंडो केशव कर्वे यांचा पुनर्विवाह १८९३ चा. अशा काळात नायिकेने परंपरेपुढे हार खाल्ली, असा आक्षेप घेता येतो. आणि संस्कारांचा पगडा तिच्यावर आहे हे लेखिका लपवीत नाही. परंतु दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली, पित्याकडून आलेले धन हाती असल्यामुळे आणि सेवेचा मार्ग मोकळा झाल्यामुळे कमलेला पुरुषाच्या आश्रयावाचून जगता येते. रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये निघाले होते. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये निघावयाचा होता. विधवेचे जीवन विवाहाखेरीजही सार्थ होऊ शकते, हा विचार त्या काळी पुरोगामीच होता. दुसरी गोष्ट अशी, की कमला ख्रिस्ती होत नाही. बाबा पद्मनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत विधवांच्या दुःखाचा उलगडा ख्रिस्ती धर्मात शोधलेला आहे. पाळकाची कन्या आणि पाळकाची सून असलेल्या कृपाबाईंना तोच शेवट सहज करता आला असता. तो त्यांनी केला नाही. नायिकेला तिच्याच समाजात, तिच्याच श्रद्धेसह उभे ठेवण्यात लेखिकेचा प्रामाणिकपणा आहे, आणि कादंबरीचे वाङ्मयीन मूल्यही बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

६. शैलीचे विशेष

कृपाबाईंच्या शैलीचे पहिले लक्षण म्हणजे दुहेरी वाचकाचे भान. इंग्रज वाचकाला चालीरीती समजावून सांगणे त्यांना भाग आहे. म्हणून लग्न, सण, यात्रा, स्वयंपाकघरातील मानमर्यादा यांची स्पष्टीकरणे कथानकात वारंवार येतात. पण हे स्पष्टीकरण बहुधा एखाद्या पात्राच्या अडचणीला जोडून येते. नव्या सुनेला कोठे बसावे, कोणापुढे बोलू नये हे उमगत नाही, आणि तिच्याबरोबर वाचकही ते शिकतो. ही युक्ती साधते तेथे माहिती ही कथेचाच अवयव होते. जेथे साधत नाही, तेथे निबंधाचा सूर लागतो.

दुसरे लक्षण संवादांचे आहे. मराठी स्त्रिया जे मराठीत बोलतील ते त्यांनी इंग्रजीत घातले आहे. परंतु लंडनच्या दिवाणखान्यातील बोलीचे सोंग पात्रांना दिलेले नाही. टोमणे, शपथा, दैवाला दिलेला दोष, लाडाची व रागाची संबोधने यांची घडण मराठीच राहते. म्हणूनच मराठी वाचकाला हे संवाद वाचताना मूळ वाक्य मागे ऐकू आल्यासारखे वाटते.

तिसरे लक्षण निसर्गवर्णनाचे. वर्डस्वर्थादी कवींच्या परिशीलनाची छाया त्यावर आहे, आणि काही वर्णने लांबलेली आहेत. तरीही त्यांचे कार्य शोभेपुरते नाही. दोन्ही कादंबऱ्यांत डोंगर, मोकळे आकाश व वाहते पाणी हे मुलीच्या स्वातंत्र्याचे स्थान आहे, आणि घराचे आवार हे बंधनाचे. नायिका जेव्हा जेव्हा उघड्यावर येते, तेव्हा तिचे विचारही मोकळे होतात. स्थलवर्णनाला असे अर्थाचे ओझे वाहावयास लावणे, हे त्या काळच्या मराठी कादंबरीत विरळाच आढळते.

दोषही सांगितले पाहिजेत. ‘कमला’त पित्याचे रहस्य, अकस्मात प्रकट होणारे धन व नाती हा अद्भुतकथेचा भाग वास्तव गृहचित्राशी पुरता एकजीव होत नाही. साईचे पात्र एकांगी आहे. ‘सगुणा’चा शेवट घाईचा वाटतो, ज्या मुलीने शिक्षणाकरिता एवढा आग्रह धरला, तिच्या अर्धवट सुटलेल्या अभ्यासाची खंत विवाहाच्या आनंदात झाकली जाते. लेखिकेच्या आयुष्याकडे पाहता ही खंत खरी होती असे मानण्यास जागा आहे, आणि तिची जागा कादंबरीत रिकामी राहिली आहे.

७. समारोप

मराठी आईची कन्या, अमेरिकन मिशनच्या परिसरात वाढलेली, मद्रासच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबाची सून आणि इंग्रजीची लेखिका, अशा चार नात्यांनी कृपाबाईंची भूमिका घडली. त्यांपैकी कोणत्याही एकाच नात्यावरून त्यांच्या कादंबऱ्या पुरत्या उलगडत नाहीत. आजवरचा अभ्यास मुख्यतः इंग्रजी वाङ्मयाच्या व वसाहतकालीन इतिहासाच्या अंगाने झालेला आहे. त्याला मराठीच्या अंगाने पूरक असे काम करण्यास पुष्कळ वाव आहे. ‘सगुणा’तील राधा आणि ‘स्मृतिचित्रां’तील लक्ष्मीबाई, कमला आणि यमू, कृपाबाईंचे इंग्रजी संवाद आणि तत्कालीन दख्खनी स्त्रियांची बोली, यांचे तौलनिक अध्ययन मराठी जाणणारा अभ्यासकच करू शकेल. तसे झाल्यास अहमदनगरच्या एका लेखिकेला तिच्या गावच्या वाङ्मयीन इतिहासात स्थान मिळेल. शिवाय एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीचा अनुभव केवळ मराठीतच लिहिला गेला, ही समजूतही दुरुस्त होईल.